निळी टिक कोणी काढली

कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं की डाव्या बाजूला टिकांची एक रांग असते. घरचं कॅलेंडर, ऑफिसचं, सुट्ट्यांचं. ज्याच्यापुढं टिक ते दिसतं, ज्याची टिक काढली ते गुपचूप नाहीसं होतं. लोक दिवसभर त्या टिका लावतात, काढतात, कोणाचं काही बिघडत नाही. माझं मात्र डोकं फिरतं. कारण तशीच एक रांग मी माझ्या हातानं बनवली होती, आमच्या भागातल्या तलावांसाठी. आणि माझ्या जिवलग दोस्तानं तिच्यातली एक टिक काढून माझ्या बापाचा केसानं गळा कापला. मी हे असं तोंडावर सांगतो. मला गोड बोलता येत नाही, आणि या बाबतीत बोलायचंही नाही.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाची शेती. आम्ही ढिवर. बाबा गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे खुर्ची-बिर्ची काही नाही राजेहो, सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात तलावात बोटुकली सोडायची, म्हणजे बोटाएवढी मासोळी. ती माघापर्यंत वाढू द्यायची आणि मग जाळी टाकायची. तोवर तलावात पाणी टिकलं पाहिजे. सोसायटीतल्या सगळ्या घरांची चूल त्यावर पेटायची, आमचीही.

दोस्त त्याच गावचा, पण शेतकऱ्याच्या घरचा. त्यांचं धान तलावाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, अगदी शेवटच्या टोकाला. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, आणि चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकायला गेलो तेव्हा ऊर्जानगरच्या रस्त्यावर एका खोलीत राहिलो. सकाळी कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की उठायचं, एकाच्या सायकलवर दोघं क्लासला जायचं. सणाला तो आमच्या घरी आला की आई मासोळीचा रस्सा त्याला माझ्या आधी वाढायची. मी चिडायचो, तर म्हणायची, "तो पावना हाये, तू का मरून राह्यला?" मला प्रोग्राम लिहिता यायचा, त्याला बोलता यायचं. आमची जोडी जमली होती.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आम्हा दोघांना तालुक्याला एका संस्थेत काम लागलं. गावोगावचे तलाव दुरुस्त करायचे आणि पाण्यावरून भांडणाऱ्या लोकांना एकत्र बसवायचं, असं संस्थेचं काम. तो बैठका घ्यायचा, मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथंच त्या प्रोग्रामची गोष्ट निघाली.

एका तलावाला एकच कॅलेंडर नसतं. शेतकऱ्यांचं वेगळं, धानाला कधी पाणी हवं त्याचं. आमचं मासोळीचं वेगळं, बोटुकली कधी सोडली, पाणी कधीपर्यंत खाली जाता कामा नये. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आणि पाणी सोडायच्या दाराच्या दुरुस्तीचं वेगळं. गावच्या सणांचं, पोळ्याचं, मंडईच्या जत्रेचं आणखी वेगळं. सगळी एका स्क्रीनवर एकावर एक दिसली, तर तारखा कुठे टकरावतात ते लोकांना तिथल्या तिथं कळेल, असं आमच्या डोक्यात आलं. आमच्या म्हणजे माझ्या. पण मोठ्या साहेबांपुढं ते त्यानं मांडलं, आणि मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

आता कोणतं कॅलेंडर पाहायचं ते निवडायचं कसं? ऐकायला किती सोपं! मी त्यात सहा महिने डोकं घासलं. पहिल्यांदा खाली उघडणारी पट्टी ठेवली. तिच्यातून एक नाव निवडायचं, ते कॅलेंडर दिसणार. बाबा बाजाराच्या दिवशी ऑफिसात आले तर त्यांना समोर बसवलं. त्यांनी मासोळीचं उघडलं, मग धानाचं, मग परत मासोळीचं. मग माऊस बाजूला ठेवला. "एकाले बोलावलं का दुसरा उठून जाते," ते म्हणाले. "मंग भांडन कोनासंग करावं?"

मग मी अशी यादी ठेवली जिच्यातून एकावेळी कितीही नावं निवडता येतात. फक्त कंट्रोलची की दाबून धरायची. आमच्या ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी पहिल्या नावावर क्लिक केलं, दुसऱ्यावर केलं, आणि ओरडल्या, "अगं माय, पयलं कुठी गेलं?" मी सांगितलं, की दाबून धरा. "एका हातानं माऊस, एका हातानं की," त्या म्हणाल्या, "अन् फोन आला तं पायानं उचलू का?" सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात जास्त दोस्त हसला. तो आठवडाभर मला "पायानं उचलू का" म्हणून चिडवत होता, आणि मी पण हसायचो.

शेवटी टिका आल्या. नावापुढं चौकोन, चौकोनात टिक, आणि त्या कॅलेंडरचा जो रंग तोच रंग चौकोनाला. धान हिरवं, दुरुस्ती पिवळी, सण लाल. मासोळीला निळा दिला तर बाबांना पटेना. "आपल्या तलावाचं पानी कधी निळं पाह्यलं तू? चहावानी हाये ते." पण हिरवा धानानं आधीच घेतला होता, म्हणून निळ्यावर तयार झाले. पुढे कोणत्याही गावचा तलाव उघडला की ते आधी विचारायचे, "आपला निळा कुठी हाये?" आणि दिसला की मान हलवायचे.

तरी कटकट संपली नव्हतीच. सगळ्या टिका काढल्या तर स्क्रीन पांढरी व्हायची आणि लोक म्हणायचे, मशीन मेली. म्हणून शेवटची टिक निघणारच नाही असं केलं. काही जण चौकोन सोडून नावावर क्लिक करायचे, म्हणून नावावर क्लिक केलं तरी टिक लागेल असं केलं. हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली, आणि ती मी बसल्या बसल्या दोस्ताला सांगितली. म्हटलं, "पाय बे, लोक स्वतः टिक लावत नाईत अन् काढत बी नाईत. उघडल्यावर जे समोर दिसते, तेवढंच आहे असं धरून चालतात. म्हनून उघडताना सगळ्या टिका लागलेल्याच पायजे." तो म्हणाला, "वा रे माया पठ्ठ्या!" मला तेव्हा लई अभिमान वाटला. आज वाटतं, त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही.

एवढ्यावरही माझं समाधान होईना. समजा कोणी चुकून टिक काढलीच, तर? म्हणून मी त्या कॅलेंडराच्या रंगाचा एक बारका ठिपका ठेवला. झाकलेल्या कॅलेंडरातली तारीख दुसऱ्या कोणाच्या तारखेशी टकरावली की त्या दिवसाच्या चौकटीत तो ठिपका यायचाच, टिक असो नाहीतर नसो. दोस्ताला तो ठिपका पहिल्यापासून आवडायचा नाही. म्हणायचा, स्क्रीन गिचमीड होते, लोक विचारत बसतात. मी म्हटलं, विचारलंच पाहिजे, त्याच्यासाठीच तर आहे तो.

आता आमच्या पाळीवरची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दरवर्षी पाऊस सरला की गावाची बैठक तलावाच्या पाळीवर बसते. शेतकऱ्यांतला मोठा माणूस आपली तारीख बोलतो, ढिवरांतला मोठा आपली बोलतो. बोलायचं मोठ्यानं, सगळ्यांच्या कानावर जाईल असं. आणि ज्याची बोलायची वेळ आली असून जो बोलला नाही, त्याची संमती धरायची. मागाहून कुरकुर चालत नाही. कागद नाही, सही नाही, तोंडाचा कारभार. धानवाल्यांना दार पूर्ण उघडून हवं असतं, आम्हाला बंद हवं असतं. बोलून बोलून शेवटी अर्ध्या दारावर तोडगा निघायचा. अर्ध्या दारानं धान वाचायचं, मासोळीही वाचायची. फक्त नहराच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायचं नाही. तिथल्या लोकांना दरवर्षी वाईट वाटायचं, आणि ते खरंच वाईट होतं, मी नाही म्हणत नाही.

त्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या आधीच पळाला. धान लोंबीवर आलेलं आणि बांध्या, धानाची खाचरं, कोरडी. ठरलं की यंदा आमच्या गावची बैठक पाळीवर स्क्रीन मांडून घ्यायची, तारखा तिच्यावरच दाखवायच्या. मोठे साहेब येणार, बाहेरचे पाहुणे येणार. दोस्त माझ्या टेबलाशी आला, चहाचा कप माझ्यापुढं सरकवला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो ठिपका प्रोग्राममंधी कुठी लिहिला बे तू?" मी दाखवलं. दोन ओळी होत्या. मग म्हणाला, "उद्या तू चंद्रपूरले जाऊन प्रिंटर दुरुस्त करून आन ना. बैठक मी पाहून घेतो. गावातलीच तं आहे, आपलीच मानसं." मी गेलो. मूर्खासारखा चहा पिऊन गेलो.

परत आलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. फाट्यावर बसमधून उतरलो तर नहर भरून वाहत होता. पाणी चढलेलं पाहून आधी बरंच वाटलं. मग पुढं शेतात बायका वाकलेल्या दिसल्या. कोणी पदरात, कोणी टोपलीत काही गोळा करत होतं. जवळ गेलो. धानाच्या बांधीत आमची मासोळी तडफडत होती. रोहू, कतला, अजून विताएवढीही झाली नव्हती. एक ओळखीची काकू मला पाहून सरळ झाली आणि टोपली मागं लपवली. "दार पूरं खोललं ना काल," ती म्हणाली. "तुमच्याच लोकायनं हो म्हनलं."

प्रिंटर खांद्यावर तसाच घेऊन मी पाळीवर गेलो. दार पूर्ण वर उचललेलं होतं. तलावाचा काठ दूर गेला होता आणि मधे नुसता चिखल, त्यावर बगळे. सोसायटीची दोन-चार माणसं झाडाखाली बसली होती. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "तुया बाप बसला होता ना समोर. आमी सारे त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. त्यानं तोंड उघडलं असतं तं अर्धं दार तरी राह्यलं असतं. बोललाच नाई तो." मला खरं वाटेना. बाबा आणि पाळीवर गप्प? जो माणूस लग्नाच्या पंगतीतही पाळीवर बोलल्यासारखा ओरडून बोलतो, तो?

घरी न जाता मी तडक तालुक्याला ऑफिसात गेलो. कॉम्प्युटर उघडला. डाव्या बाजूला रांग तशीच होती. हिरवी टिक, पिवळी टिक, लाल टिक. निळा चौकोन रिकामा. बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा रिकामाच. म्हणजे कोणाच्या हातून चुकून निघाली नव्हती, उघडतानाच निघालेली राहील अशी करून ठेवली होती. तरी मनात म्हटलं, ठिपका तर असेल. दार उघडायच्या दिवसाची चौकट पाहिली. स्वच्छ. प्रोग्राम उघडला, त्या दोन ओळी नव्हत्या. दुसरं कोणी केलं असतं तर चालून गेलो असतो त्याच्यावर. पण ती जागा मीच बोट ठेवून दाखवलेली होती, आणि एकाच माणसाला.

तो आला तेव्हा खूश होता. मोठे साहेब पाहुण्यांना म्हणाले म्हणे, किती सुंदर एकमत झालं. मी त्याची कॉलर धरली. "काऊन केलं बे असं?"

तो चिडला नाही, हेच मला जास्त झोंबलं. शांतपणे कॉलर सोडवली. "मी काय झूठ लिहिलं का? निळं नाव तिथंच तर होतं. कोनी टिक केली असती तं दिसलं असतं."

"कोनी करत नाई! तुले मालूम होतं कोनी करत नाई! मीच सांगतलं तुले!"

"मंग?" तो म्हणाला. आणि लगेच, "आमचं धान जळून राह्यलं होतं. दरवर्षी जळते. अर्ध्या दारानं आमच्या बांधीत थेंब येत नाई. तुमी अन् ते नहराच्या वरच्या अंगाचे शेतकरी, मिळून करता समजोता. आमचं कोन पाह्यते?"

त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होतो. अरे, मग पाळीवर उभा राहून ओरडून सांगायचं होतं! भांडायचं होतं! आमच्या रीतीत त्याला कोणी अडवलं होतं का? माझ्या आईच्या हातचं जेवून, माझ्याकडून सगळं शिकून, मला प्रिंटर घेऊन बसमध्ये बसवून, आमचा आवाज तेवढा बंद करायचा? मी त्याला नको नको ते बोललो. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "झालं तुहं?" आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. मी मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी हातात हात घेऊन सांगितलं की गावानं एकमतानं घेतलेल्या निर्णयात संस्था पडत नाही. मी त्याच दिवशी काम सोडलं. कोणी थांबवलं नाही.

मग सोसायटीची बैठक झाली. बाबांना काढलं नाही कोणी, त्यांनीच अध्यक्षपद सोडलं. माणसं त्यांच्यासमोरून जाताना बोलायची, पण पूर्वीसारखी नाही. आईनं जाळी माळ्यावर टाकली. आणि मला बाबांचाही राग यायला लागला. दोस्तानं दगा दिला तो दिला, पण हा माणूस समोर बसला होता! निळा कुठं आहे म्हणून प्रत्येक वेळी विचारणारा माणूस, आणि नेमका त्या दिवशी विचारत नाही? एक शब्द बोलला असता तर त्या हरामखोराची सगळी कारागिरी तिथंच उघडी पडली असती. बरेच दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. जेवायला वाढलं की ताट घेऊन बाहेर जाऊन बसायचो.

एकदा असाच बसलो असताना ते बाहेर येऊन शेजारी बसले. माझा बांध फुटला. म्हटलं, "बाबा, तुमी काऊन नाई बोलले? निळा नाई हे तुमाले दिसलं नाई का?"

"दिसलं ना," ते म्हणाले. "पयलेच दिसलं."

"मंग?"

ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले. "तुया दोस्तानं सगळ्यायसमोर सांगतलं, हे या काकाच्या पोरानंच बनवलं म्हनून. सायेब होते, बाहेरची मानसं होती. सगळे वाहवा करून राह्यले होते तुई. मले वाटलं, तुले वरून कोनी सांगतलं असन. तुई नौकरी होती. तूच काढला असशीन निळा. मी उठून म्हनलं असतं, आमची तारीख कुठी हाये, तं साऱ्यायच्या समोर तू खोटा पडला असता."

मी एकदम सगळं बोललो. मी नव्हतो काढला, मी चंद्रपूरला होतो, मला मुद्दाम पाठवलं होतं, ठिपका होता, त्यानं ठिपका पण काढला. ठिपका म्हणजे काय ते बाबांना माहीत नव्हतं. त्यांना दाखवायचं राहूनच गेलं होतं. मी समजावून सांगत होतो, हातवारे करत होतो, आणि माझ्याच कानाला ते सगळं सापडलेल्या चोरानं बनवून सांगावं तसं ऐकू येत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायचे तसा. "बरं, बरं," ते म्हणाले. "जाऊ दे. मी काई म्हनलं का तुले? जेव आता."